गुलाबाचे रोप कोठून घ्यावे, हे फूल पाहून ठरवू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील बागकामाचे लेख मी आवर्जून वाचतो. छाटणी केव्हा करावी, खत किती घालावे, मावा आणि भुरी यांचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी त्यांत उपयुक्त मजकूर असतो. परंतु या सगळ्याच्या आधी येणारा प्रश्न, म्हणजे गुलाबाचे रोप आणि बागेचे सामान मुळात घ्यावे कोठून, तो "चांगल्या रोपवाटिकेतून घ्यावे" एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. चांगली रोपवाटिका ओळखावी कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. गुलाबाच्या बाबतीत लोकांच्या पदरी जी निराशा येते, तिचा मोठा भाग खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेला असतो आणि पुढे कितीही खतपाणी केले तरी त्यात फारसा फरक पडत नाही, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. आपण जागा द्यावी, ही विनंती.

गुलाबाचे रोप ज्याने स्वतः तयार केले त्याच्याकडून घ्यावे, आणि ते शक्य नसेल तर ते कोणी, केव्हा व कोणत्या खुंटावर तयार केले हे ज्याला नीट सांगता येते अशा विक्रेत्याकडूनच घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. दुकान मोठे आहे की लहान, रोपे मांडली कशी आहेत, त्यांवर फुले किती आहेत, या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

याचे कारण गुलाबाच्या घडणीतच आहे. बाजारात मिळणारे बहुतेक गुलाब म्हणजे दोन झाडांचा जोड असतो. खाली मुळांसकट असतो तो खुंट, एखाद्या जोमदार रानगुलाबाचा किंवा रानगुलाबाच्या जवळच्या जातीचा. त्याच्या सालीला 'टी' या अक्षराच्या आकाराची चीर देऊन आपल्याला हव्या असलेल्या जातीचा एकच डोळा, म्हणजे जेथून नवी फांदी फुटते ती सालीवरची कळी, आत सरकवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा धरला आणि फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. म्हणजे आपण ज्या जातीचे नाव घेऊन रोप विकत घेतो, ती जात त्या रोपात जोडाच्या वरच असते. जमिनीखालचे सगळे आयुष्य दुसऱ्याच झाडाचे असते. डोळा भरणाऱ्याचा हात, त्याचा चाकू, त्याने निवडलेला खुंट आणि ज्या झाडावरून त्याने डोळा काढला ते झाड, या चार गोष्टींवर त्या रोपाचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून असते. फुलाकडे पाहून यांतले काहीच कळत नाही.

म्हणून रोप हातात घेतल्यावर आधी जोडाकडे पाहावे. पिशवीतील वरची माती बोटाने बाजूला केली की खुंट आणि कलम जेथे मिळतात ती जाडसर गाठ दिसते. ती घट्ट आणि सगळ्या बाजूंनी भरून आलेली असावी. डोळ्याभोवतीची साल उचललेली, चिरलेली किंवा काळवंडलेली असेल, तर जोराच्या वाऱ्यात फांदी तेथूनच निखळण्याची भीती असते. डोळा भरताना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच असून खोडात रुतत चालली असेल, तर बांधल्यानंतर त्या रोपाकडे कोणी वळून पाहिलेले नाही असे खुशाल समजावे. खुंट कापला त्या ठिकाणी लांब, वाळका ठोंब राहिला असेल तर तेही बरे लक्षण नव्हे, कारण मर, म्हणजे टोकाकडून वाळत जाण्याचा रोग, बहुधा अशाच वाळक्या ठोंबातून खाली जोडात उतरते. जोडातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-तीन फांद्या वेगवेगळ्या दिशांना निघालेल्या असाव्यात. एकच उंच, कोवळी, सरळसोट फांदी आणि तिच्या टोकाला एक मोठे फूल, अशी रोपे विक्रीसाठी पुढे मांडलेली असतात, आणि नवखा माणूस नेमके तेच उचलतो.

जोडाच्या खालून निघणारा फुटवा हा खुंटाचा असतो. तो राहू दिला तर काही काळात तो वरच्या कलमाचे सगळे अन्न खाऊन टाकतो. येथे एका सर्वत्र पसरलेल्या समजुतीविषयी सांगितले पाहिजे. पाच पर्णिकांचे (एकाच देठावरच्या पाच छोट्या पानांचे) पान असलेला फुटवा कलमाचा आणि सात पर्णिकांचा फुटवा रानटी, असे सांगितले जाते. ही खूण भरवशाची नाही, कारण कित्येक वेली गुलाबांना आणि जुन्या बागगुलाबांना सात पर्णिकांची पाने सहज येतात, आणि या समजुतीपायी लोक चांगल्या फांद्या कापून टाकतात. फुटवा कोठून निघाला आहे हे माती उकरून डोळ्यांनी पाहणे, एवढाच खात्रीचा उपाय आहे.

आता खुंटाविषयी. "हे कशावर बांधले आहे?" हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा, आणि त्याचे उत्तर तो कसे देतो याकडे लक्ष द्यावे. जगभर निरनिराळे खुंट वापरले जातात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. 'रोझा मल्टिफ्लोरा' लवकर वाढतो, पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत त्यावरची पाने पिवळी पडू लागतात. अशा जमिनीत 'डॉक्टर ह्यूई' हा खुंट अधिक चांगला तग धरतो. 'रोझा फॉर्च्युनियाना' हा उष्ण प्रदेशातील रेताड जमिनीत आणि जेथे सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, उपद्रव आहे तेथे उपयोगी पडतो, मात्र कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. 'रोझा कॅनिना' आणि त्याच्या जवळचे खुंट थंड हवेत टिकतात. ज्या रोपवाटिकेची माती आणि हवा आपल्यासारखी आहे, तिने निवडलेला खुंट आपल्याकडेही चालण्याचा संभव अधिक असतो, आणि म्हणूनच दूरच्या, वेगळ्या हवामानातल्या मोठ्या कंपनीपेक्षा आपल्याच हवामानातला लहान रोपवाटिकाधारक मला अधिक विश्वासाचा वाटतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या गुलाबाला एखाद्या वर्षी अचानक गर्द लाल फुले येऊ लागली आणि "झाडाने रंग बदलला" असे कोणी म्हणू लागले, तर तेथे बहुधा कलम मरून गेलेले असते आणि खाली राहिलेला खुंट फुललेला असतो. 'डॉक्टर ह्यूई'ची फुले अशीच गर्द लाल असतात.

छाट कलमापासून, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रुजवून, स्वतःच्या मुळांवर वाढवलेली रोपेही मिळतात. त्यांना खुंटाचे फुटवे येण्याचा प्रश्नच नसतो, आणि थंडीने किंवा रोगाने वरचा भाग मेला तरी खालून तीच जात पुन्हा फुटते. पहिली दोन वर्षे ती रोपे लहान दिसतात आणि घेणाऱ्याचा धीर सुटतो. शिवाय काही जाती स्वतःच्या मुळांवर जोम धरतच नाहीत. झुडपी, वेली आणि लहान फुलांच्या गुलाबांसाठी मी अशी रोपे आनंदाने घेईन. मोठ्या, लांब दांड्याच्या फुलांच्या जातींसाठी मात्र चांगल्या खुंटावरचे कलमच पसंत करीन.

रोप कोणत्या स्थितीत विकले जाते, यावरूनही विक्रेत्याची पारख होते. जेथे हिवाळा कडक असतो तेथे गुलाब सुप्तावस्थेत असताना मातीविना, उघड्या मुळांचे विकले जातात. अशा रोपाला फूल नसते, पानही नसते, त्यामुळे अनेकांना ते घ्यावेसे वाटत नाही. प्रत्यक्षात गुलाब घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही, कारण मुळे, जोड आणि फांद्या हे सगळेच समोर दिसते. मुळे लवचिक असावीत, त्यांना बुरशीचा वास नसावा, फांद्यांवर सुरकुत्या नसाव्यात, आणि सालीला नखाने किंचित खरवडले तर आत हिरवे दिसावे. घरी आणल्यावर मुळे काही तास पाण्यात भिजत ठेवून मग लावावे. मेण लावलेल्या फांद्या आणि घट्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मुळे अशा स्वरूपात किराणा आणि अन्य सामानाबरोबर दुकानाच्या उबदार फळीवर आठवडेच्या आठवडे ठेवलेली रोपे मात्र घेऊ नयेत. पिशवीच्या आतच ती पांढुरके, लांबट कोंब काढून आपली साठवलेली शक्ती संपवून बसलेली असतात.

कुंडीतले किंवा पिशवीतले रोप घेताना ते अलगद उपसून पाहू द्यावे, अशी विनंती विक्रेत्याला करावी. ज्याला आपल्या रोपाची खात्री आहे तो नाही म्हणत नाही. मुळे पांढरी किंवा फिकट तपकिरी असावीत आणि मातीचा गोळा त्यांनी धरून ठेवलेला असावा. मुळे तळाशी गोल गोल फिरून दोरखंडासारखी जाड झाली असतील तर रोप त्या पिशवीत फार काळ राहिलेले असते. उलट उपसताच सगळी माती गळून पडली, तर ते विक्रीसाठी कालपरवाच कुंडीत ठेवलेले असते.

रोपाबरोबर घरी येऊ नयेत अशा काही गोष्टींविषयी मला विशेष काळजी वाटते. पानांवर पिवळ्या, नागमोडी रेघा किंवा ओकच्या पानासारखी नक्षी दिसली, तर तो बहुधा मोझॅकचा विषाणू असतो. तो रोगट झाडाच्या डोळ्यातून किंवा खुंटातून नव्या रोपात येतो आणि त्यावर कोणतेही औषध नाही. रोप वर्षानुवर्षे जगते, पण वाढ खुंटते, फुले कमी येतात, आणि मालकाला वाटते की आपलेच खतपाणी कमी पडत आहे. जोडाजवळ किंवा मुळांवर फुलकोबीसारखी खडबडीत गाठ असेल तर तो मुकुटगाठ नावाचा जिवाणूजन्य रोग असतो. तो जखमेतून शिरतो, रोपवाटिकेच्या मातीत आणि अस्वच्छ चाकूवर राहतो आणि एकदा आपल्या वाफ्यात आला की तेथील मातीत वर्षानुवर्षे टिकतो. पानांच्या मागच्या बाजूला बारीक जाळी आणि धुळीसारखे हलणारे ठिपके म्हणजे लाल कोळी. यांपैकी काहीही एका रोपावर दिसले तर त्या रांगेतले दुसरे "निरोगी" रोपही घेऊ नये. आणि कितीही विश्वासू ठिकाणाहून आणलेले असो, नवे रोप दोन-तीन आठवडे इतर गुलाबांपासून दूर ठेवावे.

नावाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी गुलाब "लाल", "पिवळा", "दुरंगी" एवढ्याच नावाने विकले जातात. एका लाल गुलाबाची उंची गुडघ्याएवढी राहते, तर दुसरा भिंत चढून जातो. एकाला सुवास असतो, दुसऱ्याला नसतो. एक काळ्या ठिपक्यांच्या रोगाला पुरून उरतो, तर दुसरा पहिल्याच ओल्या हंगामात निष्पर्ण होतो. नाव माहीत नसेल तर यांतले काहीच आधी कळत नाही आणि रोप मेले तर तेच पुन्हा मागताही येत नाही. त्यातही एकच गुलाब अनेक नावांनी विकला जातो. फ्रान्सिस मेयाँ यांनी निर्माण केलेला आणि १९४५ साली अमेरिकेत 'पीस' हे नाव मिळालेला प्रसिद्ध पिवळा-गुलाबी गुलाब फ्रान्समध्ये 'मादाम ए. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया डेई' आणि इटलीत 'जोइया' म्हणून ओळखला जातो. हे माहीत नसलेला माणूस चार नावांची चार रोपे घेऊन चार वेगळे गुलाब आणले असे समजू शकतो. हा घोळ टाळण्यासाठी नव्या जातींना एक नोंदणीचे नावही असते आणि त्याची पहिली तीन इंग्रजी अक्षरे बहुधा ती जात निर्माण करणाऱ्या घराण्याची असतात: मेयाँसाठी 'मेइ', कोर्डेससाठी 'कोर', ऑस्टिनसाठी 'ऑस'. पाटीवर हे नाव लिहिणारा विक्रेता आपल्या कामाबद्दल गंभीर आहे, असे मानायला हरकत नाही. शिवाय नव्या जातींवर निर्मात्याचा हक्क असतो. १९३१ साली अमेरिकेत वनस्पतीसाठी दिलेले पहिलेच पेटंट 'न्यू डॉन' या वेली गुलाबाला मिळाले होते. एक नवी जात बाजारात आणण्यापूर्वी हजारो रोपांतून निवड करीत अनेक वर्षे घालवणाऱ्या माणसाचे नाव पुसून त्याचा गुलाब निनावी विकणे, हे मला खरोखर अन्यायाचे वाटते.

इंटरनेटवरील खरेदीसंबंधी लिहिताना सर्वांत आधी बियांचा उल्लेख करतो. निळ्या गुलाबाच्या, काळ्या गुलाबाच्या, एकाच फुलात सात रंग असलेल्या गुलाबाच्या बिया सर्रास विकल्या जातात आणि शाळकरी मुलांपासून वयोवृद्धांपर्यंत अनेकजण त्या हौसेने मागवतात. गुलाबाच्या जातीची बी लावली तर तीच जात उगवत नाही; प्रत्येक बीमधून वेगळे रोप निघते, म्हणूनच तर डोळे भरण्याची एवढी खटपट केली जाते. गुलाबाच्या बियांना उगवण्यापूर्वी बहुधा कित्येक आठवडे थंडाव्यात ठेवावे लागते, हेही त्या पाकिटावर लिहिलेले नसते. निळ्या रंगासाठी लागणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाब स्वतः तयार करू शकत नाही. जपानमधील सनटोरी या कंपनीने जनुकीय बदल करून ते गुलाबात आणले आणि २००९ साली 'ॲप्लॉज' नावाने ती फुले विक्रीस आणली. इतके करूनही त्यांचा रंग जांभळटच आहे. सात रंगांचा गुलाब म्हणजे तर पांढऱ्या फुलाचा दांडा उभा चिरून त्याचे भाग वेगवेगळ्या रंगांच्या पाण्यात ठेवून रंगवलेले फूल असते. जो विक्रेता अशा बिया विकतो त्याच्याकडून दुसरेही काही घेऊ नये; त्याला गुलाब माहीत नाही, किंवा माहीत असूनही तो खोटे विकतो आहे.

टपालाने रोपे पाठवणाऱ्या प्रामाणिक रोपवाटिका पुष्कळ आहेत, आणि दुर्मिळ जाती हव्या असतील तर बहुधा त्यांच्याशिवाय गत्यंतर नसते. त्यांच्याकडे मागणी नोंदवण्यापूर्वी रोप किती वयाचे व किती मोठ्या कुंडीतले आहे, ते खुंटावर आहे की स्वतःच्या मुळांवर, कोणत्या महिन्यात पाठवणार, आणि मेलेले पोहोचले तर काय करणार, एवढे लेखी विचारून घ्यावे. छायाचित्र पाठवायला सांगायचे असेल तर फुलाचे न मागता पाठवल्या जाणाऱ्या रोपाचेच मागावे. परदेशातून रोप मागवताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आयातीचे नियम असतात. ते टाळून गुपचूप रोप मागवणाऱ्याने आपल्याबरोबर शेजाऱ्याचीही बाग धोक्यात घातलेली असते.

जेथे गुलाबप्रेमी मंडळींची संस्था आहे, तेथे मी सर्वांत आधी तिच्याकडे जाण्याचा सल्ला देईन. अशा राष्ट्रीय संस्थांचा जागतिक महासंघ १९६८ सालापासून काम करीत आहे आणि त्याच्या सदस्य संस्था अनेक देशांत आहेत. प्रदर्शनात फुलाशेजारी नाव लिहिलेले असते, ते फूल वाढवणारा माणूस जवळच उभा असतो, आणि "तुम्ही रोप कोठून घेतले?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याइतके खरे दुसरीकडे मिळणार नाही. छाटणीच्या दिवसांत अशा मंडळींकडून काड्याही मिळतात, मात्र हक्क संपलेल्या जुन्या जातींच्याच घ्याव्यात.

आता सामानाविषयी. सगळे सामान एकाच ठिकाणाहून घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा असे माझे मत आहे. खते आणि औषधे शेतीच्या सामानाच्या दुकानातून घ्यावीत, कारण तेथे माल लवकर खपतो आणि त्यामुळे ताजा असतो. कात्री, खुरपे, झारी ही अवजारे जेथे त्यांचे सुटे भाग मिळतात तेथून घ्यावीत. माती आणि कुंड्या रोपवाटिकेतून घ्यायला हरकत नाही, पण तपासून. शोभेच्या बागसामानाच्या दुकानात रंगीत पाकिटात मिळणारे "गुलाबाचे खास खत" घेताना त्यावरील तीन आकडे वाचावेत. ते आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे वजनी शेकडा प्रमाण सांगतात. १९:१९:१९ अशा साध्या विद्राव्य खताच्या पुड्यातही हेच घटक असतात, आणि आकडेच छापलेले नसतील तर ते पाकीट परत ठेवावे. हाडांचा चुरा गुलाबाला दिलाच पाहिजे, असे अनेक विक्रेते सांगतात. ज्यांची माती अल्कधर्मी आहे त्यांना त्यातला स्फुरद फारसा मिळत नाही, त्यामुळे आधी माती तपासून घ्यावी आणि मगच त्यावर खर्च करावा.

कुंडीतल्या मिश्रणासाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, दाबलेल्या विटांच्या रूपात सर्वत्र विकले जाते. नारळाच्या सोडणात, विशेषतः ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर, मीठ राहते. ते नीट धुतलेले नसेल तर गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात आणि रोप पाण्यात उभे असूनही सुकल्यासारखे दिसते. विटेवर क्षारांचे प्रमाण लिहिलेले असावे. नसेल तर वीट भिजवून, फुगलेले कोकोपीट दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने पिळून काढल्यावाचून वापरू नये. गांडूळखत वजनावर विकले जाते तेव्हा आपण पाण्याचेही पैसे देत असतो. मूठभर घेऊन दाबावे: त्याचा हलका गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, आणि वास पावसानंतरच्या मातीचा यावा. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते अजून तयार झालेले नाही.

शेणखताच्या बाबतीत एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. कुरणांवर आणि गवतावर मारली जाणारी काही तणनाशके, उदाहरणार्थ अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड, जनावरांच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात, शेणात आणि कंपोस्टमध्येही बराच काळ टिकतात, आणि असे खत घातलेल्या वाफ्यात कोवळी पाने पिळवटून, वाकडीतिकडी होऊन येतात. डोळ्यांनी किंवा वासाने हे ओळखता येत नाही. परंतु परीक्षा सोपी आहे. नव्या ठिकाणाहून आणलेल्या खतातले थोडे, साध्या मातीत मिसळून, दोन-तीन लहान कुंड्यांत भरावे. दुसऱ्या तितक्याच कुंड्यांत नुसती माती भरावी. सगळ्यांत घेवड्याचे बी पेरावे आणि तीन आठवडे पाहावे. खताच्या कुंड्यांतली पाने पेल्यासारखी वळलेली किंवा शिरा एकवटलेल्या दिसली आणि नुसत्या मातीतली सरळ असली, तर ते खत गुलाबाला घालू नये. विक्रेत्याला हे कळवावे, म्हणजे तोही ज्याच्याकडून आणतो त्याला विचारील. थोडी वाट पाहावी लागते, पण खराब खत घातलेला वाफा सुधारायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

छाटणीची कात्री घेताना दोन पाती एकमेकींना घासून जाणारी घ्यावी. एका पात्याने सपाट पट्टीवर दाबून कापणारी कात्री हिरवी फांदी चेंगरते आणि चेंगरलेल्या टोकातून मर शिरते. पाते बदलता येते का, स्प्रिंग वेगळी मिळते का, हे दुकानदाराला विचारावे.

औषधांच्या बाबतीत माझा आग्रह अधिक कडक आहे. मोठ्या डब्यातून लहान बाटलीत ओतून, लेबल नसताना दिलेले कीटकनाशक कोणी कितीही आपुलकीने दिले तरी घेऊ नये. घरात मुले असतात, बाटली विसरली जाते, आणि त्यात काय होते हे वैद्यांनाही सांगता येत नाही. सीलबंद डबा, घटकाचे नाव आणि प्रमाण, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि उतारा काय आहे याची माहिती, एवढे असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निंबोळीपासूनच्या औषधांवर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण छापलेले असते. ते उजेडात आणि उष्णतेत लवकर निकामी होते, म्हणून दुकानाच्या काचेत उन्हात मांडून ठेवलेली बाटली टाळावी. भुरीसाठी गंधक उत्तम आहे, पण कडक उन्हात, तसेच तेलयुक्त फवारणीच्या आधीच्या किंवा नंतरच्या दोन आठवड्यांत ते मारू नये. हे जो विक्रेता आपण न विचारता सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जावे.

या सगळ्या गोष्टी प्रत्येक नव्या बागप्रेमीने स्वतः शिकाव्यात, अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही. म्हणून रोपवाटिकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक गुलाबाच्या रोपाला एक टिकाऊ पाटी बांधावी आणि तिच्यावर जातीचे नाव, खुंटाचे नाव किंवा "स्वतःच्या मुळांवर" असा उल्लेख, डोळा भरल्याचा महिना आणि वर्ष, आणि रोप कोणत्या रोपवाटिकेत तयार झाले ते लिहावे. यासाठी फार खर्च येत नाही. जो विक्रेता रोपे दुसरीकडून आणतो त्यानेही ही माहिती मागून घ्यावी, म्हणजे कोणती रोपे कोठून आली आणि कोणती रोगट निघाली, हे त्यालाही कळत राहील.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, माझ्या दोन मागण्या आहेत. लागवडीचा हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी आपल्या पुरवणीत डोळे भरणाऱ्या कुशल कारागिरांच्या कामावर एक सचित्र लेख द्यावा; जोड जवळून कसा दिसतो, चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे शंभर ओळींपेक्षा दोन छायाचित्रांतून लवकर कळेल. दुसरी मागणी अशी की, निळ्या आणि सप्तरंगी गुलाबाच्या बियांच्या जाहिराती आपण आपल्या वृत्तपत्रात आणि त्याच्या संकेतस्थळावर स्वीकारू नयेत, आणि अशी जाहिरात छापली गेल्याचे एखाद्या वाचकाने कळवले तर ती काढून टाकून त्याच जागी तसा खुलासा प्रसिद्ध करावा.

आपला,
गुलाबाची बाग करणारा एक वाचक